तांबेकाकांचे अठरा

तांबेकाकांना मी घाबरायचो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे त्यांचं नुसतं गोडगोड चित्र काढायची पळवाट मला राहणार नाही. काका कुणावर ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही. उंचीने माझ्या कानाला लागायचे, आवाज बारीक, चालताना डावा पाय किंचित ओढायचे. पण शेवटची नऊ वर्षं फोनवर त्यांचं नाव दिसलं की मी तो उचलायचो नाही. पन्नाशीला आलेला मी, कारखान्यात हाताखाली वीस-बावीस माणसं, आणि मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून दोन मिनिटं नुसता उभा राहायचो. मग धीर करून त्यांना उलटा फोन लावायचो. ते विचारायचे काय, तर "प्रसाद, हाऊ मेनी ऑरेंजेस फॉर सॅटर्डे, मेट?"

ते जाऊन दीड वर्ष झालं. नंबर अजून फोनमध्ये आहे. काढून टाकायचंही धाडस होत नाही.

काका मूळचे कराडचे. फिटर. तरुणपणीच मेलबर्नला गेले आणि तिथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं राहिले. काकू तिथेच वारल्या. मुलगी मृणाल लग्न करून इकडे, डेट्रॉइटसमोरच्या विंडसरला आलेली, म्हणून काकाही आले, इथल्या एका टूलशॉपला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. येताना त्यांनी सामानात काकूंचा पूजेचा डबा आणला आणि डोक्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड.

हा खेळ आपल्याकडे कुणी पाहिलेला नसतो. लंबगोल मैदान, लंबगोल बॉल, एका बाजूला अठरा माणसं. बॉल हातात घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन हवेतच झेलायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून बॉल गेला तर सहा पॉइंट. थोडक्यात चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक. "चुकणाऱ्याच्या हातावर प्रसाद ठेवणारा खेळ आहे हा," काका म्हणायचे, "नाव तुझं ठेवलंय बघ." हेल्मेट नाही, अंगावर गाद्या नाहीत. नदीपलीकडे डेट्रॉइटमधला आमच्या कंपनीचा एक अमेरिकन माणूस सामना बघायला आला आणि हाफटाइमला विचारता झाला, "यांचा इन्शुरन्स कोण करतं?"

गाड्यांच्या कारखान्यांसाठी इथे आलेल्या तिघा ऑस्ट्रेलियनांनी हा क्लब काढला होता. काका एका शनिवारी पार्कमध्ये फिरायला गेले आणि त्यांना तो बॉल दिसला. त्या दिवसापासून ते क्लबचे. मी पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती. देशी ग्रोसरीच्या दुकानात कांद्यांच्या पोत्यापाशी त्यांनी मला गाठलं.

"मराठी ना? पळता येतं?"

"थोडंफार."

"थोडंफार पुरे. चष्मा?"

"नाही."

"मग शनिवारी ये."

मी सहा सामने खेळलो. सातव्याला काकांनी मला बाजूला घेतलं. "प्रसाद, तू माणूस चांगला आहेस. तू टीम मॅनेजर हो." मी हसलो, तेही हसले. जर्सी, पाणी, फॉर्म भरणं माझ्याकडे आलं. काका सिलेक्टर. दर आठवड्याला टीम तेच निवडायचे.

त्यांची निवडायची पद्धत सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. मृणालच्या बेसमेंटमध्ये फ्रिजच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा होता, त्यावर मार्करने मैदान काढलेलं. काकूंच्या डब्यातल्या पूजेच्या सुपाऱ्या ते त्यावर मांडायचे. पाच रांगांत तीन-तीन, आणि मैदानभर फिरणारे तीन मोकळे. सुपाऱ्यांवर नाव नाही, खूण नाही. "ही कोण काका?" विचारलं की वैतागायचे. "पूजेत सुपारीवर गणपती असं लिहितात काय? जागा बघ. जागा म्हणजे माणूस." आणि एकदा ठेवलेल्या सुपारीला जो बोट लावेल त्याने कारण द्यायचं. "कारण दे" हे त्यांचं पालुपद. 'मला वाटतं' हे कारण नाही. 'बिचारा' हे तर मुळीच नाही.

आमची ट्रेनर कॉलीन, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स, पहिल्यांदा त्या बेसमेंटमध्ये आली तेव्हा तिला तो पाहुण्यांसाठी मांडलेला खाऊ वाटला. तिने आमचा फुलबॅक उचलून तोंडात टाकला. काका शांतपणे म्हणाले, "कॉलीन, रीझन प्लीज." ती खोकत, हसत वॉशरूमकडे पळाली. पुढे कित्येक वर्षं त्या खेळाडूला सगळे 'चावलेला' म्हणत.

जावयाची गोष्ट तर क्लबमध्ये सगळ्यांना पाठ होती. निखिल नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, सासऱ्याच्या हौसेखातर खेळायला आलेला. डेट्रॉइटच्या टीमशी सामना होता, त्याच्या आदल्या सकाळी मी फॉर्मवर सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. काकांनी स्वतः चहा केला, निखिलपुढे ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, उद्या तुम्ही बसा."

"म्हणजे? काय केलं बाप्पा मी?"

"बॉल तुमच्याकडे आला की तुम्ही आधी अंगावर कोण येतंय ते बघता. मग बॉल बघता."

"अहो, अंगावर दोनशे पौंडाचा माणूस येऊन राहिला, तर बघू नाही का?"

मृणाल पोळी तव्यावर तशीच टाकून आली. "बाबा, सिरियसली? एकच जावई आहे तुम्हाला."

"म्हणून तर घरी चहा देऊन सांगतोय. ज्याला बसवायचं त्याला आधी सांगायचं, मग टीमला. यादी वाचताना त्याला कळलं तर तो अपमान."

सहा वर्षांची नात दूध-सीरियलच्या वाडग्यातून मान वर करून म्हणाली, "आजोबा, इज डॅडी फायर्ड?"

"नो मेट," काका म्हणाले. "रेस्टेड."

मी हसलो, सगळेच हसलो. पण घरी जाताना माझ्या मनात आलं की हा माणूस सीमारेषेवरून काय काय बघतो! दीडशे मीटरवरच्या माणसाची नजर आधी कुठे जाते, ते याला दिसतं. तेव्हा मला लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी थोडी भीती वाटली होती.

आता शॉनचं सांगतो.

शॉन इथलाच, इलेक्ट्रिशियन, साडेसहा फूट उंच. आमचा रक. अंपायर बॉल जमिनीवर आपटून उंच उडवतो, तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसांकडे ढकलतो तो रक. आमच्या बेसमेंटचं वायरिंग त्याने एका रविवारी येऊन नीट करून दिलं आणि माझ्या बायकोची साबुदाण्याची खिचडी तीनदा मागून खाल्ली. "प्रसाद, हे मोती खायचे असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तेव्हा तो एकोणतीसचा होता.

नऊ... नाही, आता अकरा वर्षं होतील. सेमीफायनल. आमच्याच मैदानावर, नॉर्थ यॉर्कहून आलेल्या टीमशी. बारा मिनिटं उरलेली आणि आम्ही चार पॉइंटांनी मागे. मागून आलेल्या एकाचा गुडघा शॉनच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. तो उठला, स्वतः चालत बाकावर आला, माझ्या शेजारी बसला.

डोक्याला मार बसला की पाच प्रश्न विचारायचे, एक जरी चुकला तरी त्या दिवशी खेळ संपला, हा आमच्या क्लबचा नियम. नियम काकांनीच घातला होता. विचारायचं काम कॉलीनचं. पण ती पलीकडे एकाचा निखळलेला अंगठा बांधत होती, म्हणून मी सुरुवात केली.

"शॉन, आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

"सार्निया," तो म्हणाला.

सार्निया आमच्यापासून दोन तासांवरचं गाव. समोर, कुंपणापलीकडे, त्याची स्वतःची व्हॅन उभी होती. तिच्यावर त्याचं नाव रंगवलेलं.

मी हसलो. त्याला थट्टेची सवय होती. तोही हसला, पण तो माझ्याकडे बघून हसला, म्हणजे मी हसलो म्हणून हसला. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नव्हे हे. मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

तेवढ्यात काका रेषेवरून घाईघाईने आले आणि मराठीत म्हणाले, "पाची प्रश्न झाले?"

"झाले."

"बरोबर?"

"बरोबर, काका."

काकांनी शॉनच्या खांद्यावर थाप मारली. शॉन आत गेला. शेवटच्या मिनिटाला तिघांच्या वर उडी घेऊन त्याने जो बॉल झेलला, तो झेल अजून लोक सांगतात. त्याने सहा पॉइंट मारले, आम्ही जिंकलो. पण झेल घेऊन खाली येताना त्याचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यावर आपटलं होतं. आम्ही नाचत होतो आणि तो वॉशरूममध्ये ओकत होता.

तो पुन्हा खेळला नाही. उजेड सहन होईना, शिडीवर तोल राहीना, वाचलेलं टिकेना. काम सुटलं. क्लबमध्ये सगळे हळहळले. दुसरा मार वाईट बसला, म्हणाले. बॅड लक. पहिल्या माराबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण पहिल्या मारानंतर त्याला तपासलं होतं. मी तपासलं होतं.

आणि त्यानंतर काकांनी मैदानावर मराठी बोलणं बंद केलं.

घरी, गणपतीत, मृणालच्या टेबलावर, सगळं पूर्वीसारखं. पण क्लबचं काहीही असलं की माझ्याशी फक्त इंग्रजी, कराडी वळणाची, प्रत्येक वाक्यामागे 'मेट' लावलेली. दोघंच असलो तरी. 'कारण दे'चं 'रीझन' झालं. कारण त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला ते ठाऊकच होतं. त्यांना कळलंय. ज्या भाषेत मी त्यांच्याशी खोटं बोललो, ती त्यांनी माझ्यापुढून काढून घेतली आहे, आणि एक दिवस ते हिशेब मागणार आहेत. नऊ वर्षं मी त्या दिवसाची वाट बघत संत्री चिरली.

हो, संत्री. ब्रेकमध्ये खेळाडूंना संत्र्याच्या फोडी द्यायची मेलबर्नची रीत. काका त्यावर काळं मीठ आणि जिरेपूड भुरभुरायचे. नवीन पोरं तोंड वाकडं करायची, तिसऱ्या सामन्यापासून बोटं चाटायची. मी चिरायचो, ते भुरभुरायचे. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे असायचो आणि माझी सुरी फळीवर उगाच जोरजोरात आपटायची. एकदा ते म्हणाले, "ईझी, मेट." मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

क्लबला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायचं ठरलं. अठरा जण आणि बाकावर चार. निवडसमिती तिघांची. काका, कॉलीन आणि मी. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर काका म्हणाले असते, रीझन.

फेब्रुवारीतले रविवार, दुपारी दोन ते पाच, तेच बेसमेंट, तोच पुठ्ठा. काका तेव्हा पंच्याहत्तरीचे. पंचवीस वर्षांत खेळलेला प्रत्येक माणूस त्यांना आठवत होता. कोण कुठल्या पायाने मारायचा, कोण दमला की बुटाची नाडी बांधायला बसायचा. एकदा ठेवलेली सुपारी त्यांनी फक्त एकदाच स्वतः उचलली. स्वतःच्या लाडक्या खेळाडूची. "आय लाइक हिम. दॅट इज नॉट अ रीझन."

या निवडीसाठी त्यांनी एक नवा नियम घातला. समारंभाच्या जेवणाच्या वेळी प्रत्येकाचं नाव वाचलं की आमच्यापैकी एकाने त्याचा शेवटचा सामना सांगायचा. सगळ्यात चांगला नव्हे, शेवटचा. कॉलीनने विचारलं, का? काका म्हणाले की चांगला सामना ज्याला त्याला आठवतो. माणूस आपल्यातून कसा गेला हे कुणी सांगत नाही.

तेव्हापासून माझी झोप गेली.

तिसऱ्या रविवारी सतरा सुपाऱ्या लागल्या होत्या. रकची जागा तेवढी मोकळी.

"शॉन," कॉलीन म्हणाली. "यात बोलायचंय काय?"

"ग्रेग," मी म्हणालो.

"रीझन," काका.

"संस्थापक आहे. एकशे साठ सामने. शॉनचे एकेचाळीस."

कॉलीन माझ्याकडे बघतच राहिली. "प्रसाद, ग्रेगला उडी येत नव्हती. तो स्वतः सांगतो. त्याच्या बुटाखालून वर्तमानपत्र सरकवता आलं नसतं!"

"पण सातत्य म्हणून काही..." मी बोलत राहिलो. ज्याने केलेल्या वायरिंगवर माझ्या घरातले दिवे जळतात, त्या माणसाला मी त्याच्या एकुलत्या एका मानाच्या जागेवरून ढकलत होतो. का, तर त्याचा शेवटचा सामना सांगावा लागू नये म्हणून. हे लिहिताना आत्ताही मला मान वर करवत नाही.

काकांनी सुपारी चिमटीत धरली होती. "फॉर्टी-वन," ते म्हणाले. "व्हाय डिड ही स्टॉप ॲट फॉर्टी-वन?"

कोपऱ्यातली घर तापवणारी फर्नेस घरघरत सुरू झाली.

"बॅड लक," कॉलीन हळूच म्हणाली.

काका माझ्याकडे वळले, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा क्लबच्या कामात मराठी बोलले. "दुर्दैव होतं का रे, प्रसाद?"

मला वाटलं, आलाच तो दिवस. कानात नुसती फर्नेस.

"हो, काका," मी म्हणालो.

त्यांनी सुपारी ठेवली. "शॉन. प्रसाद विल टेल हिज लास्ट मॅच. ही वॉज सिटिंग नेक्स्ट टू हिम."

जेवण पंधरा दिवसांनी, शनिवारी. शॉनला आमंत्रण गेलं, त्याने येतो म्हणून कळवलं. त्या पंधरा दिवसांत मी ते भाषण चार प्रकारे लिहिलं. चारही प्रकारांत तो झेल होता. चारही प्रकारांत सार्निया नव्हतं. शेवटी शनिवारी सकाळी मी गाडी काढली आणि काकांकडे गेलो.

बर्फ पडून गेलं होतं. काका ड्राइव्हवे शोव्हल करत होते.

"काय रे? हॉलचा माईक बिघडला काय?"

मी गाडीचं दार लावायच्या आधीच बोलायला लागलो. सगळं, एका दमात. काका फावडं चालवत ऐकत होते. सार्नियापाशी त्यांचा हात थांबला.

"सार्निया म्हणाला?"

"हो."

"आणि तू मला बरोबर म्हणालास."

"हो."

ते गॅरेजच्या पायरीवर बसले. त्यांचं तोंड असं झालं होतं की मला वाटलं, यांना काही होतंय. मी पुढे झालो तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मला वाटलं तुम्हाला कळलंय," मी म्हणालो. "म्हणून तुम्ही माझ्याशी मराठी बंद केलंत."

"तुझ्याशी?" ते माझ्याकडे बघत राहिले. "अरे, तुझा काय संबंध? मी माझी जीभ बांधली. त्या सामन्यानंतर कॉलीन मला म्हणाली, मी येतच होते, पण तुम्ही दोघं तुमच्या भाषेत काहीतरी बोललात, मला वाटलं झालं तपासून. आपण इंग्रजीत बोललो असतो तर तिने ऐकलं असतं, म्हणाली असती, प्रश्न विचारायचं काम माझं आहे. ती आली असती. मी तिच्या आडवा आलो, असं धरून चाललो मी." ते थांबले. "नऊ वर्षं, प्रसाद. शॉन मॉलमध्ये दिसला की मी दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. भितो मी त्याला."

ज्याला मी माझा न्यायाधीश समजत होतो, तो माझीच शिक्षा भोगत होता. आणि मी शेजारी उभा राहून संत्री चिरत होतो.

"मी त्या दिवशी दुर्दैव का म्हणून विचारलं," ते म्हणाले, "ते तुझ्यासाठी नव्हतं. मला वाटलं, तू तरी नाही म्हणशील. म्हणशील, काका, चूक तुमची होती. मग मी रडलो असतो आणि सुटलो असतो."

"आज सांगतो मी. सगळ्यांसमोर. हॉलमध्ये."

"आणि तो तिथे बसून ऐकणार? शंभर माणसं त्याच्या तोंडाकडे बघणार? हे त्याच्यासाठी की तुझ्यासाठी? कारण दे."

मी खिशातले भाषणाचे कागद चुरगळले.

"ज्याचं आहे त्याला आधी. मग टीमला." ते उठले. फावडं भिंतीला टेकवलं. "गाडी काढ."

शॉन नदीजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. काका दारापाशी थांबले. "आधी तू जा. तुझं तू सांग. माझं मी सांगीन."

आत पडदे लावलेले. शॉन टोपी आणि काळा चष्मा घालून बसलेला. माझं तोंड बघून त्याने विचारलं, "कुणी गेलं का?" मी नाही म्हणालो आणि सांगायला लागलो. त्याने हात वर केला, टेबलावरची वही ओढली. "हळू. माझ्याकडून निसटतं. परत सांग."

मी परत सांगितलं. त्याने लिहिलं, खोडलं. "आणखी एकदा."

पहिल्यांदा सांगताना त्यात बारा मिनिटं होती, चार पॉइंट होते, कॉलीनचं लांब असणं होतं. दुसऱ्यांदा त्यातलं निम्मं गळलं. तिसऱ्यांदा एवढंच उरलं की तू सार्निया म्हणालास आणि मी बरोबर म्हणालो. ते त्याने लिहून घेतलं.

"तो झेल मी घेतला, असं लोक सांगतात," तो म्हणाला. "मला आठवत नाही. मी त्या माणसाला कधी भेटलेलोच नाही." मग वही मिटली. "आता तू जा."

हात पुढे केला नाही. मीही केला नाही.

मी बाहेर आलो तेव्हा काका भिंतीला धरून उभे होते. बुटांवरचं बर्फ पायपुसण्यावर नीट झटकलं, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे दारात क्षणभर थांबले आणि आत गेले.

रात्रीच्या जेवणाचं इथेच सांगून टाकतो. शॉन आला नाही. काकांनी अठरा नावं वाचली. रकपाशी म्हणाले, शॉन. याचा शेवटचा सामना तो स्वतः सांगेल, त्याला वाटेल तेव्हा. मी दुसऱ्या दिवशी कॉलीनला सगळं सांगितलं आणि क्लबचं काम सोडलं. उन्हाळ्यात मृणालची नोकरी बदलली, ते सगळे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सरेला गेले, आणि काका तिकडेच वारले. फोनवर पुढे बोललो आम्ही, पण मला ते दिसतात ते त्या शनिवारच्या दुपारीच.

मी खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. पाऊण तास झाला असेल. ऊन पडलं होतं, बर्फावरून ते असं उसळत होतं की माझेही डोळे मिटत होते. बिल्डिंगचं दार उघडलं आणि दोघं बाहेर आले. साडेसहा फुटी शॉन, टोपी, काळा चष्मा, तरीही मान खाली. त्याच्या दंडाला धरून काका, पाय ओढत. मला वाटलं गाडीकडे येताहेत, मी दार उघडायला हात घातला. ते आले नाहीत. समोरून निघून गेले, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाच्या दिशेने, निसरड्यावर एकेक पाऊल टाकत. काका उन्हाच्या बाजूने चालत होते. त्यांची सावली शॉनच्या कोपरापर्यंत सुद्धा पोचत नव्हती, म्हणून त्यांनी एक हात सरळ वर उचलला होता, पूर्ण ताणून, चवड्यांवर येत, आणि तळवा त्याच्या डोळ्यांसमोर धरला होता. मध्ये एकदा शॉन थांबला, काहीतरी बोलला, बहुधा राहू द्या म्हणाला असेल. काकांनी मान हलवली. हात खाली आला नाही.